तेर्वालिन्नाच्या मधल्या खडकावरचा किल्लेदार

फिनलंडच्या मुलखावर स्वीडनच्या राजाचा अंमल होता त्या काळी तेर्वालिन्ना नावाचे एक शहर होते. आणि तेथील किल्ल्यावर पहाट उजाडली असे मी लिहिले, तर ते धादांत खोटे होईल, कारण उन्हाळ्यात तिथे रात्रच पडत नसे, सूर्य बुरुजावर चिवट पाहुण्यासारखा बसून राही, आणि आरवावे तरी कधी या विवंचनेने कोंबडे वाळून जात.

शहर जगे डांबरावर. वरच्या रानात पाइनची लाकडे मातीखाली धुमसवून डांबर काढायचे, पिंपे अरुंद नावांत भरायची आणि नदीच्या खळाळातून खाली बंदरात उतरवायची. जगातल्या निम्म्या गलबतांना आमचे डांबर आहे, असे तिथले लोक सांगत, आणि उरलेली निम्मी बुडाली. शनिवारी सारे गाव वाफेच्या कोठडीत घाम गाळी. एरवी काळी भाकरी, खारवलेला मासा आणि मौन.

मौन, कारण खळाळाचा कायदाच तसा होता. तिथे बोलावे ते सुकाणू धरणाऱ्या एका तांडेलाने; बाकीच्यांनी, मग तो खुद्द राजा का असेना, पिंपासारखे बसावे. बसलेल्याला जिवंत उतरवणे हे तांडेलाचे ब्रीद. उभा राहिला, तो नावेतून गेला; त्याचा जिम्मा तांडेलावर नाही.

किल्लेदार रुटगर याने सरकारी डांबर परस्पर विकून पिंपांत पाणी भरले, आणि बोभाटा होताच तो आळ तापानी नावाच्या तांडेलावर घालून त्यास फासावर चढवले. चोर म्हणून तापानीला देवळाच्या आवाराबाहेर, कुत्र्यामांजरांच्या जागी पुरले. त्याची बायको वाल्पुरी रडली नाही. तिने नवऱ्याचे सुकाणू उचलले. तापानीला आवारात आणीन, आणि तेही आळ घालणाऱ्याच्याच तोंडून खरे वदवून, एवढेच ती म्हणाली.

पुढे राजाचे चौकशीदार निघाल्याची कुणकुण लागताच रुटगरने बंदरातले गलबत गाठायचे ठरवले. त्या दिवशी गावातल्या एकूण एक तांडेलाच्या पोटात कळ आली. धडधाकट उरली ती वाल्पुरी. त्याने तिला ओळखले नाही. फाशी दिलेल्यांच्या बायकांचे चेहरे कोण ध्यानात ठेवतो?

ऐन खळाळात, मधल्या खडकाआडच्या संथ पाण्यात तिने नाव थोपवली.

"हुजूर, मी तापानीची बायको."

रुटगर तलवार उपसून ताडकन उठला. नाव किल्ल्याकडे वळव, नाहीतर मुंडके उडवीन, म्हणाला.

"पाणी हुजुरांच्या चाकरीत नाही, ते वर चढत नाही. आणि आपण उभे राहिलात."

तिने सुकाणू किंचित सोडले. नाव कलली, आणि जिवाच्या भयाने किल्लेदाराने खडकावर उडी टाकली. तटावर शिपाई दिसत होते. येतील, असे त्यास वाटले. पण तांडेलावाचून त्या पाण्यात कोण उतरणार? नायब किल्लेदाराने तांडेलांस हुकूम सोडला, तेव्हा पोटाची कळ अद्याप थांबली नसल्याचे त्यांनी अदबीने कळवले.

दुसऱ्या दिवशी मात्र साऱ्यांना एकदम आराम पडला. डांबराच्या नावा खडकाच्या दोन्ही अंगांनी, हात लावावा इतक्या जवळून जाऊ लागल्या. रुटगरने जहागिरी देऊ केल्या, शिव्या दिल्या, पाया पडला. कोणी मान वळवली नाही. खळाळात बोलायचे नसते. काठावर बाया कपडे धूत होत्या, भाकरी भाजल्याचा वास येत होता, आणि सूर्य काही केल्या त्याची लाज झाकीना.

अखेर तो ओरडला. पाणी मी भरले, तापानी निर्दोष होता! दोन्ही काठांनी ऐकले, पाद्रीबुवांनीही ऐकले.

तेव्हा वाल्पुरीने खडकाला नाव लावली.

"बसा," ती म्हणाली. तो बसला.

तिने त्यास बंदरात नेले नाही. काठावर उतरवून देवळामागे, आवाराबाहेर तापानीला पुरले होते तिथे आणले आणि हातात कुदळ दिली. राजाचे चौकशीदार पोचले तेव्हा किल्लेदार गुडघाभर खड्ड्यात उभा होता, नखांत माती, आणि भोवती अख्खे शहर. चौकशीदारांनी त्याच्यासाठी बेड्या बाहेर काढल्या.

"थांबा," वाल्पुरी म्हणाली, "अजून तापानीला याच्या खांद्यावरून आवारात न्यायचंय."

राजाची माणसे टोप्या काढून बाजूला झाली.