ढिगावरची झाडलोट

विश्वास ठेवाच, असा माझा आग्रह नाही. पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय, आणि ती उगाच काही बोलणाऱ्यातली नाही. तिचा सगळा जन्म मोजमापात गेला. मीटरनं दाखवलं तरच मान्य करणार, अशी बाई.

आणि मीटरनं दाखवलं...

मावशी एका युरेनियमच्या खाणीवर सुरक्षा अधिकारी होती. खाण बंद पडली होती. मागे उरला होता एक भलामोठा ढीग, हलक्या प्रतीच्या खनिजाचा. त्यातून युरेनियम काढणं परवडत नाही, आणि तसाच उघडा टाकणंही चालत नाही. पावसाचं पाणी त्यातून झिरपून विहिरींत उतरतं. वाऱ्यानं धूळ उडते. म्हणून खाली जाड प्लास्टिकचा थर, भोवती चर, झिरपलेलं पाणी अडवायला टाकी, आणि वरून दाबून बसवलेली चिकणमाती.

या मातीसाठी मावशी सगळ्यांशी भांडायची. "अजून एक थर घाला," हे तिचं पालुपद. कामगार पाठीमागे तिला 'मातीबाई' म्हणायचे. तिला ते माहीत होतं. मनातून आवडायचंही.

ढिगाच्या खालच्या अंगाला वस्ती होती.

वस्तीच्या वरच्या टोकाला एक जुनं घर. खाणकामगाराच्या विधवेचं. फार वर्षांपूर्वी, कुणालाच कशाची पर्वा नव्हती तेव्हा, खाणीनं तिच्या नवऱ्याला घर बांधायला या खनिजाचेच दगड फुकट दिले होते. त्या भिंतींच्या आत नवरा गेला. मग दोन्ही मुलगे गेले. खोकून खोकून.

मावशीनं भिंतीला किरणोत्सर्ग मोजायचं मीटर लावलं. ते टिकटिकत सुटलं.

"आजी, इथं राहू नका. या भिंतींत विष आहे. तुम्हाला दुसरं घर मिळतंय."

म्हातारीनं खोली झाडता झाडताच विचारलं,

"आत्ता सांगतेस?"

ती काही हलली नाही. त्याच हिवाळ्यात वारली. मग घर पाडलं. दगड नेऊन टाकले ढिगावर. नियमच तसा होता. वरून माती घातली, रोलर फिरवला. झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाची सुट्टी झाली. सगळी मशिनं बंद. मावशी एकटीच ढिगावर चढली.

एका जागची माती गायब होती.

खणलेली नव्हती. वाहूनही गेलेली नव्हती...

झाडलेली होती.

अंगण झाडल्यावर उमटतात ना, तशा अर्धगोल रेघा. बरोबर एका खोलीएवढी जागा. चारही कोपरे स्वच्छ काढलेले. आत त्याच घराचे उघडे दगड.

पाऊल एकही नाही.

"वारा असेल," मोठे साहेब म्हणाले. खाण बंद करायचं सगळं काम त्यांच्या हाताखाली होतं.

"वारा कोपरे झाडत नाही, साहेब."

"मग कुणीतरी चावटपणा केला असेल. माती टाका आणि मला मोकळं करा. तुमच्या या मातीपायी आधीच वैताग आलाय."

माती टाकली. सकाळी पुन्हा झाडलेली. पुन्हा टाकली... पुन्हा तेच.

पहारेकऱ्याला काही दिसलं नव्हतं. फक्त आवाज आला म्हणाला. आणि राजीनामा न देताच निघून गेला.

आता वारा सुटला होता. उघड्या दगडांवरची धूळ सरळ खाली वस्तीवर जात होती. वाळत घातलेल्या कपड्यांवर मावशीला करडा थर दिसला. पाळण्याच्या दांडीवरही. तिथं मात्र तिचं डोकं फिरलं.

संध्याकाळी ती मीटर घेऊन ढिगावर जाऊन उभी राहिली. एकटी. ऊन कलत होतं. खाली वस्तीत कुणाचा तरी रेडिओ चालू होता.

तो मध्येच थांबला.

वाराही थांबला...

खर्र... खर्र...

समोरची माती सरकत होती. आपोआप. एकेका फटकाऱ्यासरशी.

पण मावशी हलली नाही.

खर्र...

थांबलं.

मग तिच्या हातातलं मीटर बोलायला लागलं. टिक... टिक... टिक टिक टिक...

मावशी जागची हललेली नव्हती.

म्हणजे दुसरं कुणीतरी जवळ येत होतं.

"आजी," कशीबशी ती म्हणाली, "घर तुमचंच आहे. कुणी नेत नाही. पण ही धूळ खाली लेकराबाळांवर जातेय हो..."

मीटरची टिकटिक एकसलग झाली. उजव्या गालाला ऊब लागली. चुलीपाशी तोंड नेल्यासारखी.

आणि अगदी कानाशी...

"माझ्या लेकरांच्या वेळी कुठं होतीस?"

मावशी धावत सुटली. कशी उतरली, तिला आठवत नाही.

बाहेर पडताना प्रत्येकाची तपासणी व्हायची. चौकीवरच्या बाईनं मीटर फिरवलं. बूट साफ. हात साफ. कपडे साफ.

उजव्या कानापाशी मीटर किंचाळलं.

धुतलं. घासलं. कातडी सोलवटली. धुळीचा कण दिसेना, आणि आकडा उतरेना.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब तणतणत स्वतःच ढिगावर गेले. "बघतोच कोण झाडतंय ते!" परत आले ते पांढरेफटक पडून. दुप्पट माती घाला म्हणाले, वर मोठाले दगड रचा म्हणाले. वर काय झालं, ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दुप्पट माती पडली. दगड रचले. झाडणं बंद झालं. वस्तीतली धूळ थांबली, विहिरींचं पाणीही ठीक निघालं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

त्याच सुमारास मावशीच्या कानापाशी मीटर गप्प झालं. आणि कानही. डॉक्टर म्हणतात कान ठणठणीत आहे, पडदा उत्तम आहे. तिला त्या बाजूनं काहीच ऐकू येत नाही.

तिनं नोकरी सोडली. आता आमच्या घराजवळच राहते.

मागच्या आठवड्यात मी दुपारची तिच्याकडे गेले होते. जे झालं ते मी अजून तिला सांगितलेलं नाही. सांगायचा धीरच होत नाही.

ती खुर्चीत डुलकी घेत होती. मला गंमत सुचली. त्या कानाशी वाकून म्हटलं, "मावशी, चहा टाकू?"

मावशी गाढ झोपलेली. ओठ मिटलेले.

आवाज कानातून आला. आतून... लांबून... बंद दाराआडून यावा तसा. म्हातारीचा. त्रासलेला.

"कोण पाहिजे?"