सहावी जाळी

"साडेपाचला निघायचं, आठला दीपगृह, तिथे न्याहारी," ताई म्हणाली.

"न्याहारी तोवर टिकेल असं वाटत नाही," भोंग्या म्हणाला. भोंग्या हा तिचा दहा वर्षांचा भाऊ. कानात कुजबुजला तरी ते पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचं. तिसरी शेजारची मोजपट्टी. ती पाव कापतानासुद्धा पट्टी घ्यायची, म्हणून हे नाव. बाबांच्या बंद सायकल-दुकानात जमिनीवर नकाशा पसरून तिघं बसली होती. सुट्टी संपायच्या आत एका दिवसाची फेरी मारायची होती: आधी समुद्रकाठ, मग घाट, की आधी घाट? चौऱ्याऐंशी किलोमीटर. आईला अजून सांगितलं नव्हतं.

सांगणार कसं? सात महिन्यांपूर्वी बाबा याच फेरीला गेले आणि घाटातून परत आले नाहीत. रस्ते खात्याच्या अहवालात एक ओळ होती, 'उतारावर अतिवेग.' घाटाची एक बाजू सौम्य होती, दुसरी खडी. खड्या बाजूनं सायकलवर कधी उतरणार नाही, असं बाबांनी लग्नाआधीच आईला वचन दिलं होतं, आणि अपघात त्याच बाजूला झाला होता. आई त्यांच्याविरुद्ध चकार शब्द बोलली नाही. फक्त त्यांची मोडलेली सायकल तिनं मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि शिलाईमशीनवर पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसू लागली. रडताना तिला कुणी पाहिलं नव्हतं.

आधी काय करायचं ते बाबांच्याच चिठ्ठ्यांवरून ठरवू, असं मोजपट्टीनं सुचवलं. बाबा दर फेरीला हॅण्डलला एक चिठ्ठी बांधत. त्यावर थांबे ओळीनं लिहिलेले, आणि थांबा गाठला की पेन्सिलीनं बरोबरची खूण. दुकानाच्या खणात अशा चाळीस चिठ्ठ्या होत्या. एकेचाळिसावी त्यांच्या सामानाबरोबर पिशवीतून घरी आली होती. ती पिशवी कुणी उघडली नव्हती. ताईनं ती आज उघडली.

पूल, बरोबर. दीपगृह, बरोबर. मासळी-धक्का, बरोबर. घाटाचा पायथा, बरोबर. घाटमाथा, कोरं. त्याच्यापुढे बाबांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'इथून सौम्य उतार. घरी फोन.'

ताईनं ती ओळ पुन्हा वाचली. 

"बाबा उतरत नव्हते," ताई म्हणाली. "खड्या बाजूनं चढत होते."

मोजपट्टी हळूच म्हणाली, की त्या चढावर चांगला सायकलवालाही चालणाऱ्याच्याच वेगानं जातो. मग अतिवेग कसला?

दुसऱ्या दिवशी बसनं फिरून येतो एवढंच आईला सांगून तिघं निघाली. खोटं नव्हतं ते, पण पुरतं खरंही नव्हतं. ताईनं दुकानातल्या खिळ्यावरचं बाबांच्या सायकलचं जादा पुढचं चाक बरोबर घेतलं. वाहकानं चाकाला खिडकीची जागा हवी का म्हणून विचारलं. एरवी भोंग्यानं त्याला सोडला नसता.

अपघाताचं वळण रस्ते खात्याच्या चौकीजवळच होतं. तिथे पाणी जायला रस्त्याच्या आरपार चर होता आणि त्यावर सहा चौकोनी लोखंडी जाळ्या. मोजपट्टीनं पट्टी काढली. पाच जाळ्यांचे गज रस्त्याला आडवे होते. कठड्याजवळच्या सहाव्या जाळीचे गज मात्र रस्त्याच्या दिशेनं, उभे. फट चार सेंटिमीटर. चाकाची रुंदी अडीच.

चौकीतून मुकादम बाहेर आले. पोरांनी रस्त्यात खेळू नये म्हणाले. जाळ्यांबद्दल विचारलं तर म्हणाले, जाळ्या अगदी पक्क्या बसवल्यात, गेल्या वर्षी गाळ काढून झाल्यावर मी स्वतः.

ताईनं वाद घातला नाही. ती सहाव्या जाळीच्या पुढे, वळणावरच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली. "काका, तेवढं चाक माझ्याकडे ढकलता का?"

मुकादमांनी हसत चाक ढकललं. ते सहाव्या जाळीपर्यंत आलं, खाडकन खाली गेलं आणि अर्धं आत रुतून जागच्या जागी थांबलं. ताईच्या मागे गुडघाभर उंचीचा कठडा होता आणि त्याच्यापलीकडे दरी.

मुकादमांचं हसू गेलं. ते खाली बसले, दोन्ही हातांनी चाक काढू लागले. निघेना.

"चौकोनी जाळी," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "कशीही ठेवली तरी बसते."

"आमच्या बाबांना इथे कुणी पाहिलं?" ताईनं विचारलं.

"मीच. अहवालही मीच लिहिला." ते वर बघेनात. "कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहावं लागतं, बाळ. आम्ही नेहमी तेच लिहितो."

चौघांनी मिळून जाळी उचलली, फिरवली, परत बसवली. दोन मिनिटांचं काम होतं. ते संपल्यावर भोंग्या रस्त्याच्या कडेला बसून रडला, पहिल्यांदाच आवाज न करता.

संध्याकाळी मुकादम स्वतः दारात आले. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. चूक माझी होती, तसं लेखी कळवलंय, असं त्यांनी आईला सांगितलं. मग म्हणाले, "सात महिने रोज त्या जाळीवरून चालतोय मी. दिसली या पोरांना."

ते गेल्यावर ताईनं चिठ्ठी आईच्या हातात दिली. आईनं ती मशीनच्या दिव्याखाली धरली. कोऱ्या ओळीशी तिचं बोट थांबलं आणि तिथेच राहिलं. मग ती उठून मागच्या खोलीत गेली. सायकल भिंतीकडून फिरवल्याचा आवाज आला. त्यानंतर सात महिने अडकून राहिलेलं रडू आलं. मोजपट्टी उठून घरी निघाली होती. ताईनं तिचा हात धरून तिला बसवून ठेवलं.

बऱ्याच वेळानं आई बाहेर आली. "मला न सांगता गेलात, ते चुकलंच," ती म्हणाली. तिनं भोंग्याचं नाक पदरानं पुसलं, मोजपट्टीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "पण त्यांच्यावर मी रागावले होते गं. उगीच."

मग तिनं ताईनं टेबलावर ठेवलेला फेरीच्या बेताचा कागद ओढून घेतला, वाचला, आणि साडेपाच खोडून सहा केलं.

"डबा करायला मला तास लागतो," ती म्हणाली. "आणि माथ्यावरून फोन करायचा. मी वाट बघतेय."