चौथ्या डबीतल्या घाऱ्या लेन्स

टक्.

प्लास्टिकचं इवलंसं झाकण लाकडी फळीवर पडावं, एवढाच आवाज.

भाड्याच्या शालूला फॉल लावता लावता जयवंतीचा हात थांबला.

बाहेर रणरणतं ऊन. लाईट गेलेली, पंखा बंद. चटईवर चार वर्षांची बारकी गाढ झोपलेली. घामाने केस गालाला चिकटलेले, आणि मुठीत बापाने फुग्याच्या कंपनीतून आणलेला लाल फुगा.

घरात तिसरं कुणीच नव्हतं.

जयवंतीने मान वर केली. फळीवर लेन्सचा डबा होता, तिने ठेवला होता तसाच. बंद. आणि त्या डब्यावर... एक छोटी डबी होती. झाकण निघालेली. आतलं पाणी अजून हलत होतं.

ही डबी तिने याआधी कधी पाहिलीच नव्हती.

हे सगळं खरं घडलेलं आहे. डहाणूजवळच्या आगर गावात, २०१७ च्या मे महिन्यात. भुताखेताच्या गोष्टी रात्रीच्याच असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही दुपार लक्षात ठेवावी. जयवंती माझी मामेबहीण. ती खोटं बोलत नाही, आणि बोललीच तरी लेकीच्या डोळ्यांबद्दल नक्कीच नाही. बारकी आता शाळेत जाते. पण आजही जयवंती रोज सकाळी तिला दारातल्या उजेडात नेते, हनुवटी वर करते आणि दोन्ही डोळे नीट बघते. मगच वेणी घालते.

का, ते ऐका.

जयवंती नवऱ्या सजवायची. डहाणूला कोर्स केलेला. मेकअप, अंबाडा, भाड्याचे दागिने, असं सगळं घरातूनच चालायचं. त्या दोन-तीन वर्षांत रंगीत लेन्सचं खूळ आलं. प्रत्येक नवरीला फोटोत डोळे वेगळे दिसायला हवे होते. दरवेळी नवीन लेन्स कोण घेणार? मग जसा शालू भाड्याने, तशा लेन्सही भाड्याने. एका नवरीच्या काढायच्या, सोल्युशनने धुवायच्या, दुसरीला घालायच्या. सगळ्या पार्लरवाल्या तेच करायच्या. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

लेन्सचा डबा तिने तलासरीच्या जमनाबेनकडून घेतला होता. जमनाबेन हायवेजवळचं पार्लर बंद करत होती. "लई जा ने, बेन, घेऊन जा," म्हणाली. "माझ्या काय कामाचा आता?" डब्यात तीन डब्या होत्या. हनी, ग्रे आणि हिरवी. जयवंतीने घेताना नीट बघितलं होतं.

चौथी नव्हती.

तिला आधी बारकीचाच संशय आला. पोरीला त्या डब्याचं भारी वेड. जयवंतीला धास्ती एकाच गोष्टीची... ही कधीतरी लेन्स काढून स्वतःच्या डोळ्यात घालील. म्हणून फळी उंच ठोकलेली. पण बारकी तर झोपली होती. आणि फळीला तिचा हात पोचतच नव्हता.

संध्याकाळी धनेश कंपनीतून आला. तिने नवऱ्याला डबी दाखवली.

"जमनाने दिली असेल. तू मोजल्याच नसशील," तो म्हणाला.

"मोजल्या होत्या."

"मग घाल नवरीला. फुकटची चीज आहे, कशाला नाही म्हणतेस?"

जयवंती हसली. पण डबी तिने डब्यात ठेवली नाही. वेगळीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी वाणगावची निलम आली. तिचं लग्न होतं. सोबत मावशी. जयवंतीने ट्रे पुढे केला आणि विचारलं, "बोल, कुठला कलर?"

"हनी नको, ताई. आमच्या योगिताने तिच्या लग्नात घातलेली. फोटोत मांजर दिसते."

"मग ग्रे घे."

"ग्रे?" मावशी म्हणाली. "मंडपात लोक विचारतील, मोतीबिंदू कधी काढणार?"

सगळ्या हसल्या. बारकीही हसली, न कळता.

आणि निलमचं बोट ट्रेच्या कोपऱ्यात थांबलं.

"ही कुठली?"

जयवंतीने वाकून बघितलं. ट्रेमध्ये तिने तीनच डब्या ठेवल्या होत्या.

निलमने डबी उघडली. लेन्स घाऱ्या होत्या. भरतीच्या वेळी खाडीच्या पाण्यात ऊन उतरतं ना, तसा रंग. बघत राहावा असा.

"ती राहू दे गं. जुनी आहे," जयवंती म्हणाली.

"मला हीच हवी. लग्न माझंय की तुमचं?"

"घाऱ्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नये म्हणतात," मावशी म्हणाली.

"मग कुणावर ठेवू? सासूवर?"

पुन्हा हशा. जयवंतीने लेन्स दोनदा धुतल्या. निलमच्या डोळ्यांत घातल्या. निलमने पापण्या मिटल्या, उघडल्या.

काय सुंदर दिसली पोरगी!

मग ती म्हणाली...

"ताई, समोरचं कापड घ्या ना बाजूला."

"कुठलं कापड?"

"हे काय समोर. पांढरं. अंतरपाटासारखं."

समोर आरसा होता. बाकी काहीच नव्हतं.

जयवंतीने लेन्स काढल्या, धुतल्या, परत घातल्या. तेवढ्यात दारात गाडीचा हॉर्न वाजला. "झालं, झालं, दिसतंय आता," निलम म्हणाली आणि उठली.

मंडपात जयवंती नवरीच्या मागेच होती, पावडर-टिकल्या घेऊन. बारकी तिच्या पदराला धरून. मंगलाष्टकं संपली. अंतरपाट निघाला. अक्षता पडल्या, बँड वाजला, नवऱ्याने मान पुढे केली.

निलम हार घेऊन उभीच.

"घाल ना गं," कुणीतरी ओरडलं.

निलम मागे न वळता हळूच म्हणाली, "ताई... अजून धरलाय ना."

मावशीने तिचे हात धरून हार घालायला लावला. लोक म्हणाले, लाजली. फोटो छान आले.

आठवड्याने निलम दागिने आणि लेन्सची डबी परत द्यायला आली. बोलता बोलता ती मधेच हाताने समोरची हवा बाजूला सारायची. जाळं सारावं तशी.

"लेन्स काढल्यावर गेलं ना ते?" जयवंतीने विचारलं.

"गेलं." मग थांबून म्हणाली, "गेलं बहुतेक. ताई, माझ्या आधी या कुणी घातल्या होत्या?"

"कुणी नाही. नव्याच होत्या," जयवंती म्हणाली. त्या दिवशी हिलाच तिने 'जुनी आहे' म्हटलं होतं. नव्या की जुन्या, तिला तरी कुठे माहीत होतं?

त्या दिवशी तिने डबी तांदळाच्या डब्यात पुरली. अगदी तळाशी. वर तांदूळ ओतले, झाकण घट्ट लावलं.

बारकीला त्या लग्नापासून नवा खेळ सापडला होता. दोन बाहुल्या समोरासमोर ठेवायच्या. मधे आईची ओढणी. एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचं, दुसरं आपल्या हातात.

"कुणाचं लग्न लावतेस गं?" जयवंतीने एकदा लाडाने विचारलं.

"त्या ताईचं."

"निलमताईचं? ते तर झालं की."

"नाही, दुसऱ्या ताईचं. तिचं राहिलंय."

जयवंतीने ओढणी काढून घेतली. बारकी रडली नाही. नुसती बघत राहिली. खिडकीकडे.

पुढची नवरी हिरी. तलासरीकडच्या गावातली, उंबरगावला कंपनीत कामाला. चटपटीत. लेन्सचं सगळं तिला माहीत. जयवंती कानातले आणायला आतल्या खोलीत गेली, आणि परत आली तेव्हा हिरीने लेन्स स्वतःच घातल्या होत्या.

घाऱ्या.

ट्रेमध्ये चौथी डबी होती. डबीला तांदळाचे दोन दाणे चिकटलेले.

"हिरी, काढ. काढ आधी त्या," जयवंती ओरडली.

हिरी हलली नाही. ती आरशाकडे बघत होती. आरशाच्या खालच्या कडेकडे.

"ताई, हे कापड कसलं? आणि त्याच्याखाली... पाय दिसतायत."

"कुणाचे?"

"बाईचे आहेत. हळद लागलेली आहे. ओले आहेत." हिरीचा आवाज बारीक झाला. "नवऱ्याच्या जागी बाई का उभी आहे, ताई?"

जयवंतीने झटकन लेन्स काढल्या. हिरी उसनं हसली. म्हणाली, "काल झोप झाली नाही ना, म्हणून असेल." तिने लेन्सच नको म्हटलं. काळ्याभोर डोळ्यांनीच लग्नाला गेली आणि आजवर सुखात आहे.

पण जयवंतीच्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. निलमला नुसतं कापड दिसलं होतं. हिरीला पाय. म्हणजे कापड सरकत होतं?

तिने डबी परत तांदळात पुरली, डब्याला दोरी बांधली आणि सकाळीच बारकीला घेऊन तलासरीची जीप पकडली. पोरीला त्या घरात एकटी ठेवायची तिची हिंमत नव्हती.

जमनाबेन आता हायवेच्या कडेला बांगड्या विकत होती. जयवंतीला बघून तिचे हात थांबले. "आव, बेन," असं बोलावणं वगैरे काही नाही. तिने पहिलं विचारलं ते हेच...

"कापड किती सरकलं?"

जयवंतीने अजून कापडाचं नावही काढलं नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं! माहीत असून दिली मला?"

"मी तीनच दिल्या. तू मोजून घेतल्यास." जमनाबेन नजर चुकवत बांगड्या लावू लागली. "मलाही कुणी दिली नव्हती. खाडीत टाकून आले मी. घरी पोचले तर फळीवर. म्हणून धंदाच बंद केला. वाटलं, माझ्यापाशीच संपेल."

जयवंतीने हिरीला दिसलेल्या पायांचं सांगितलं. "ती कोण आहे?"

"शूं खबर, मला काय माहीत? लग्न अर्धं राहिलेली कुणीतरी. एवढंच समजतं." जमनाबेनने आवाज खाली केला. "मी एकदा स्वतः घालून बघितल्या. मला पाय नाही दिसले, नुसतं कापड. पण मी कडा बघितल्या. अंतरपाट दोघं धरतात ना, या बाजूने एक, त्या बाजूने एक? तिथं कुणीच नव्हतं. कापड आपलं आपण होतं. आणि एका बाजूने ढिलं पडत होतं."

"ते पूर्ण पडलं तर?"

"तर तिचं तोंड दिसेल. आणि तिला आपलं." जमनाबेनने हातातली बांगडी खाली ठेवली. मग म्हणाली, "कुणीतरी धरायला हवं होतं ते. कुणी धरलं तर बरं."

तेवढ्यात तिचं लक्ष खाली गेलं. बारकी आईच्या पदराआडून बघत होती.

जमनाबेनचा चेहरा उतरला.

"ही कधीपासून तुझ्यासोबत आहे? सगळं ऐकत?"

"माझी मुलगी आहे. सोबतच असते. का?"

जमनाबेन एका गिऱ्हाइकाकडे वळली आणि पुन्हा मागे बघितलंच नाही.

जीपमध्ये बारकी मांडीवर झोपली. जयवंती तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. जमनाबेन खरं बोलली की आपलं लोढणं माझ्या गळ्यात बांधून मोकळी झाली? डबी आपण होऊन येते, की ती कापडामागची बाईच कुणाकडून ठेववते? तिला कशाचाच भरवसा वाटेना. वाणगावच्या निलमचा नाही, जमनाचा नाही, स्वतःच्या मोजण्याचाही नाही.

घरी आली तेव्हा ऊन कलत होतं. धनेश अजून आलेला नव्हता. तिने बारकीला ओट्यावर बसवलं आणि तडक तांदळाचा डबा काढला. दोरी तशीच होती. गाठही तीच. तिने तांदूळ सुपात ओतले.

डबी निघाली.

दोन्ही झाकणं उघडी. आत पाण्याचे थेंब.

लेन्स... नव्हत्या.

तिने तांदूळ चाळले. फरशी पुसली. ट्रे, फळी, गादी, सगळं बघितलं. कुठेच नाहीत. घर दुपारसारखं गप्प. मग एकदम लक्षात आलं, बाहेर ओट्यावरून बारकीचा आवाज येत नाहीये. बडबड नाही. पायांची आपटणी नाही.

"बारके!"

बारकी ओट्यावरच उभी होती, पाठमोरी.

जयवंतीने धावत जाऊन तिला वळवलं. हनुवटी धरून तोंड मावळत्या उजेडाकडे केलं. पापणी वर केली. एक डोळा बघितला, दुसरा बघितला. बोट फिरवून बघितलं.

काळे. काळेभोर. सकाळी घातलेलं काजळ थोडं पसरलेलं. लेन्स नाही, काही नाही. तिचेच डोळे, तिच्या लेकीचे.

जयवंतीला रडू फुटलं. तिने पोरीला छातीशी घट्ट धरलं. बाळा, माझ्या बाळा, करत राहिली.

मग तिला जाणवलं... बारकीने तिला मिठी मारली नव्हती.

ती मागे झाली. बारकीचे दोन्ही हात खांद्याएवढे वर होते. मुठी आवळलेल्या. त्या मुठींत काहीच नव्हतं. दंड थरथरत होते, किती तरी वेळ वर धरल्यासारखे. आणि ती आईकडे बघत नव्हती. आईच्या शेजारी बघत होती.

"हात खाली घे, सोन्या," जयवंती म्हणाली. मग जमनाबेनचं 'कुणी धरलं तर बरं' आठवलं आणि पुढे केलेला हात तिने मागे घेतला.

बारकीचे डोळे पाण्याने भरले होते.

"आई, माझे हात खूप दुखतायत गं... आता सोडू?"