चार नकार, एकच वाक्य

सप्टेंबर सरत आला होता, आणि भिलाईत सुपेल्याच्या चौकात पाऊस असा कोसळत होता की उतई गावची एक म्हैस वाहत आली आणि वाहतूक पोलिसाने हात दाखवला तेव्हाच थांबली. खोटं वाटत असेल तर म्हशीला विचारा. मी मात्र तिच्याकडे पाहतच नव्हतो. समोर पत्र्याच्या पेट्या ठोकणाऱ्याच्या छपराखाली एक लुना बंद पडली होती, आणि लुनाशेजारी वसुंधरा ओला पदर पिळत उभी होती.

ही श्यामराव कोलत्यांची मुलगी. श्यामराव भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये हेडक्लार्क, मूळचे आर्वीचे. मुलगी नागपूरला कायदा शिकून आलेली, दुर्गच्या कॉलेजात शिकवायची.

"प्लगमंदी पाणी गेलं असन जी," मागून आवाज आला.

देवानंद मोहोड. रोलिंग मिलमध्ये नवा लागलेला, अजून कच्चा, म्हणजे ट्रेनिंगवर. त्याने प्लग काढला, खिशातल्या पांढऱ्या रुमालाने पुसला आणि फुंकर मारली. एक पुरली असती. त्याची आठवी सुरू होती.

"पेटवून राहिले का विझवून राहिले?" वसुंधरेने विचारलं.

"सुकवून... सुकवून राहिलो."

तेवढ्यात प्लांटच्या बाजूला स्लॅग ओतला. लोखंड वितळवून उरलेला तो धगधगता मळ ओतला की भिलाईचं अर्धं आभाळ लाल होतं. पावसातसुद्धा ढगांच्या पोटात शेंदूर सांडल्यासारखं दिसतं.

"तुमचं तोंड लाल झालं," वसुंधरा म्हणाली.

"ते... स्लॅगचं आहे."

"अस्सं? मग कानच जास्त कसे?"

लुना फुर्रकन सुरू झाली आणि ती गेली. रुमाल तिच्या हँडलला तसाच गुंडाळलेला राहिला. देवानंद मात्र पाऊस थांबल्यावरही छपराखालून हलला नाही. पेटीवाल्याने शेवटी त्याला पेटी घ्यायची आहे का म्हणून विचारलं.

त्यानंतर श्यामरावांनी मुलगी दाखवायला काढली. मार्चमध्ये ते रिटायर होणार, क्वार्टर सोडून आर्वीला जाणार. त्याआधी भिलाईतच तिचं जुळलं तर पोरीची नोकरी टिकेल, असा त्यांचा विचार. वैशाली नगरातून एक मुलगा आला, प्लांटच्या सेक्टरांतून दोघे, दुर्गच्या रेल्वे कॉलनीतून एक. चौघांनी चिवडा खाल्ला, चहा घेतला, आणि चौघांचं उत्तर आलं ते हे: "मुलगी नक्षत्रासारखी आहे, पण योग दिसत नाही."

पहिल्यांदा वसुंधरा हसली. चौथ्यांदा आरशासमोर उभं राहून तिने आईला विचारलं, "माह्यात काई कमी आहे काय वो?"

तुळसाबाईंनी नुसती तिची वेणी पुन्हा एकदा घातली.

मग अचलपूरचं स्थळ आलं. ते लोक फोटो पाहूनच तयार. अट एकच, नोकरी सोडायची. रविवारी होकार कळवायचा होता, आणि वसुंधरा हो म्हणणार होती. मनात होतं म्हणून नव्हे... दुसरं कोणी हो म्हणेना म्हणून.

आता यात मी कुठून आलो? तेव्हा मी प्लांटच्या गेस्ट हाउसचा मॅनेजर होतो, आणि ब्याण्णवच्या त्या जानेवारीत माझ्याकडे सात देशांचे सरकारी अधिकारी उतरले होते. विकसनशील देशांतल्या अधिकाऱ्यांना व्यापारातल्या स्पर्धेचा कायदा शिकवायचा कोर्स. भिलाईतच का? तर म्हणे दिल्लीत खोल्या नव्हत्या. जिथे घर प्लांटचं, शाळा प्लांटची, दवाखाना प्लांटचा, तिथे स्पर्धा शिकवायची! नेपाळचे गुरुंग साहेब आल्या दिवशीच मला म्हणाले, "मॅनेजरसाब, यहाँ साबुन दूसरा भी मिलता है, या वो भी प्लांट का?"

शिकवायला वसुंधरा. आणि दुपारी पाहुण्यांना प्लांट दाखवायला न्यायचं काम कोणाकडे? देवानंदकडे. रोज तो हेल्मेटची चळत घेऊन दारात उभा, आणि रोज एक हेल्मेट जास्त.

"हे तुमच्यासाठी जी."

"मी वर्गात शिकवून राहिली, देवानंदजी. इथं डोक्यावर काय पडणार आहे?"

"सांगता येत नाही... पंखा जुना आहे."

"तुमचा रुमाल माह्याकडं राहिला."

"राहू द्या ना."

"तेलाचा डाग जात नाही त्याचा."

"मंग तर... राहूच द्या."

शुक्रवारी तिने संगनमत शिकवलं. "व्यापारी आपसात भाव ठरवतात तेव्हा पुरावा ठेवत नाहीत," ती म्हणाली. "मग ओळखायचं कसं? सगळे एकच गोष्ट, एकाच शब्दांत बोलायला लागले आणि कारण मात्र एकालाही सांगता येईना, की समजायचं, आत काहीतरी शिजलंय. अमेरिकेत तर असा नियम आहे की कंपूतला जो पहिला येऊन कबूल करेल, त्याला माफी. दुसऱ्याला नाही."

जेवताना टांझानियाच्या नेएमाबाईंनी तिचा उतरलेला चेहरा पाहिला. धिप्पाड बाई; हसल्या की माझ्या कपाटातल्या कपबशा टाळ्या वाजवायच्या. त्यांनी काय झालं ते खोदून विचारलं, आणि वसुंधरेने चार नकार आणि रविवारचं अचलपूर, सगळं सांगून टाकलं. बाई इंग्रजीत म्हणाल्या, मी मराठीत सांगतो: "चौघंही? त्याच शब्दांत?"

"त्याच."

बाईंनी चमचा खाली ठेवला. गुरुंग साहेबांनी वरणाची वाटी बाजूला सारली. "मॅडम," ते म्हणाले, "ये रिश्ता नहीं है. ये तो केस है."

आणि नशीब पाहा, त्याच वेळी पाहुण्यांची परतीची तिकिटं घेऊन दुर्गच्या बुकिंग ऑफिसमधून नत्थू आला. तोच तो, रेल्वे कॉलनीतून आलेला चौथा मुलगा! वसुंधरेला पाहून तो वळलाच होता, पण नेएमाबाईंनी त्याला खांद्याला धरून बसवलं आणि पुढ्यात आलूबोंड्याची बशी ठेवली. सात देश त्याच्याभोवती गोल करून बसले.

"जो पहले बोलेगा, उसको माफ़ी," गुरुंग साहेब गोड आवाजात म्हणाले. "बाकी तीन भी आ रहे हैं."

कोणी येत नव्हतं. पण नत्थूचा बोंडा घशातच अडकला.

"देवानंदनं सांगतलं जी!" तो ओरडला. "आमी सारे मराठी मंडळाच्या नाटकात संगं आहो. तो म्हणे, मी नोकरीत पक्का होतपर्यंत कोणी हो म्हणू नका. वाक्य बी त्यानंच पाठ करून घेतलं. मले तं नक्षत्र कशाले म्हणतात हेच मालूम नाही!"

दारात हेल्मेटची चळत घेऊन देवानंद उभा होता.

"कावून?" वसुंधरेने एवढंच विचारलं.

"तुमचे बाबा पक्की नोकरी पाहतात. एप्रिलमंदी माही पक्की होते. तेव्हा येणारच होतो. तोवर कोणी तुम्हाले..."

"मले विचारलं?"

त्याने हेल्मेटची चळत आणखी घट्ट धरली.

"संगनमतात नुकसान गिऱ्हाइकाचं होते, असं मी आत्ता शिकवून आली," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "पण भाव वाढला तं गिऱ्हाइकाले दिसते तरी. मले चार महिने वाटत राहिलं का खोट माह्यातच आहे. मी आरशात पाहणं सोडलं, देवानंदजी."

हेल्मेटं एकेक करून त्याच्या हातांतून घरंगळली. कोणी उचलली नाहीत.

"मी असा विचारच केला नाही..." तो म्हणाला. मग मान वर करून म्हणाला, "अचलपूरचं ऐकलं आहे मी. त्याइले काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. पण आमच्या नकारापायी नका ठरवू. मी आत्ताच तुमच्या बाबांपाशी जातो."

आणि नत्थूला घेऊन गेला. वाटेत बाकीच्या तिघांनाही गोळा केलं. श्यामरावांच्या अंगणात पाचजण रांगेत उभे राहून खरं बोलले, देवानंद सगळ्यांत शेवटी. श्यामरावांनी फक्त फाटकाकडे बोट दाखवलं.

शनिवारी वसुंधरेने अचलपूरला नकार कळवला. वर्गात गुरुंग साहेबांनी विचारलं, "मॅडम, फ़ैसला?"

"बाजार खुला," ती म्हणाली. "ज्याला यायचं, त्यानं समोरच्या दारानं यावं."

रविवारी दुपारी देवानंद आईला, अंजनाबाईंना, घेऊन समोरच्या दाराने आला. श्यामरावांनी पेपर बाजूला केला नाही.

"नोकरी?"

"एप्रिलपर्यंत कच्ची जी."

"मंग एप्रिलमंदी यायचं. आत्ता कावून आला?"

"थांबलो तं पुन्हा काईतरी डोकं चालवीन, म्हणून."

पेपर थोडा हलला. त्यामागे श्यामराव हसत होते, असं तुळसाबाई नंतर सांगायच्या. "पोरीले विचार," पेपरमागून आवाज आला. "या डाव तिलेच विचार."

वसुंधरा त्याला फाटकापर्यंत सोडायला आली. ढगाळ दुपार होती. समोरच्या कडुनिंबाआड मी होतो, आणि माझ्यामागे सात देश. बुंधा बारीक होता, पण आम्ही श्वास आत ओढून उभे होतो.

"माफी मिळन का?" देवानंदने विचारलं.

"माफी एकालेच असते. ती नत्थूनं नेली."

"मंग माहं?"

"तुमची सुनावणी चालंन. लय वर्षं चालंन..." तिने रुमाल पुढे केला. पांढराशुभ्र, इस्त्री केलेला.

देवानंदने तो उलटून पालटून पाहिला. "डाग गेला?"

"पहिल्याच धुण्यात गेला होता."

"मंग इतके दिवस—"

"लपवता काय तुम्हालेच येते?"

तो पाहतच राहिला. मग हळूच म्हणाला, "तुमचं तोंड लाल झालं."

"स्लॅगचं आहे," वसुंधरा म्हणाली.

मी मान वळवून प्लांटकडे पाहिलं. आभाळ राखेसारखं करडं होतं; स्लॅग ओतायला अजून पुष्कळ वेळ होता.

एवढ्यात नेएमाबाई हसल्या, आणि कडुनिंबावरच्या सगळ्या चिमण्या एकदम उडाल्या.