‘मँगनीज’ कोणी बिघडवली?

“ताई, ग्रुप पायला का तुमी? नसल पायला तर पाहा. आन बसून पाहा.”

साकोलीच्या बस आगारात ड्युटीवर असलेल्या प्रतिक्षाने वरातीत डीजे वाजवणाऱ्या अमरचा फोन चालू ठेवूनच ग्रुप उघडला. जिल्ह्यातल्या रेकॉर्ड ऐकणाऱ्या मोजक्या वेड्यांचा तो ग्रुप. त्यावर राइस मिलवाल्या पुंडलिकरावांनी लिहिलं होतं:

‘प्रतिक्षाने माझी “मँगनीज” बिघडवून परत दिली. तिने चॅनलवर माफी मागावी आणि परीक्षणं बंद करावीत. ज्यांच्या घरी रेकॉर्ड हाताळायची सवय नाही, त्यांनी रेकॉर्डवर बोलू नये.’

खाली दोघातिघांनी हळहळ व्यक्त केली होती. तिच्या बाजूने एकानेही चकार शब्द काढला नव्हता.

“मागून टाका माफी, ताई,” अमर म्हणाला. “सगळ्या रेकॉर्डी त्यायच्यापाशीच हायेत. त्यायनं देनं बंद केलं तर चॅनल कायच्या भरवशावर चालवसान?”

“केलं नाई त्याची माफी? मेली तरी नाई मागत. तू चल माह्यासंग.”

फंक, मेटल आणि प्रोग्रेसिव्ह रॉक या तिन्हींच्या रेकॉर्डींचं परीक्षण प्रतिक्षा आपल्या चॅनलवर मराठीत करायची. सुरुवातीला लोक हसले. आगारातली कारकून मेटलवर काय बोलणार, म्हणाले. ती बोलत राहिली. पुढे पुण्या-नागपूरची माणसं तिचं ऐकून रेकॉर्डी शोधायला लागली, तेव्हा हसणारे गप्प झाले. पण तिच्या स्वतःच्या रेकॉर्डी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकी सगळ्या मागून आणलेल्या. एकदा नाव खराब झालं की तिला कोणी रेकॉर्ड देणार नव्हतं, आणि चॅनल आपोआप मेलं असतं.

त्यात ही ‘मँगनीज’. तुमसरकडच्या खाणकामगारांच्या पोरांनी सत्तरच्या दशकात काढलेली एकुलती एक रेकॉर्ड. पहिल्या बाजूला फंक. दुसऱ्या बाजूला एकच लांबलचक गाणं, आणि त्याच्या मधोमध सगळी वाद्यं थांबून नुसते ड्रम वाजतात. परीक्षणात प्रतिक्षाने छातीठोकपणे सांगितलं होतं, “या ड्रमांची जागा पुन्हा पुन्हा ऐका. बाकी गाणं तिच्यासाठीच आहे.” पुंडलिकरावांना ते पटलं नव्हतं. ड्रम सुरू झाले की ते पान लावायला उठायचे.

साकोलीच्या कडेला पुंडलिकरावांची राइस मिल, आणि मिलला लागूनच घर. भरडाईचा हंगाम होता. दिवसभर मिलचा घरघराट, आणि हवेत तांदळाचा बारीक कोंडा. बैठकीत बसण्याआधी खुर्ची पुसावी लागायची. कोंडा शिरू नये म्हणून रेकॉर्डींच्या कपाटाला पुंडलिकरावांनी रबराची पट्टी बसवून घेतली होती, आणि किल्ली कमरेला.

“आली का? माफीचं काय ठरवलं, पोरी?”

“आधी रेकॉर्ड पायतो, काका. मंग बोलू.”

सून रिता चहा घेऊन आली. तिच्या दोन्ही हातांच्या पहिल्या बोटांना, बुडाशी, चिकटपट्ट्या होत्या.

“काय झालं, वहिनी?”

“भाजलं,” रिता म्हणाली, आणि ट्रे ठेवून दारापाशीच उभी राहिली.

पुंडलिकरावांनी कपाटातून ‘मँगनीज’ काढली. प्रतिक्षाने आधी बाहेरचं प्लास्टिकचं कव्हर निरखलं. पुढची बाजू कोणीतरी फडक्याने पुसलेली. पण शिवणीच्या घडीत तिने नख फिरवलं, तर नखावर पिवळसर भुकटी आली. मागच्या बाजूची घडी मात्र स्वच्छ होती.

मग तिने दुसरी बाजू उजेडात तिरपी धरली. बाकी सगळीकडे काळी कुळकुळीत. फक्त मधला एक अरुंद पट्टा राखी पडलेला.

“लावून पाहू का?”

“पाह्य. तुह्याच हातची करामत हाय.”

गाणं स्वच्छ सुरू झालं. ड्रम आले आणि स्पीकरमधून नुसता खरखराट. ड्रम संपले, खरखर थांबली. पुढे शेवटपर्यंत स्वच्छ. दारातली रिता खाली मान घालून उभी होती.

प्रतिक्षाने सुई उचलली.

“काका, मी परत देल्ली तवा तुमी वाजवून पायली होती का?”

“नाई. तुह्यावर भरोसा ठेवला, तेच चुकलं.”

“मंग कुठं ठेवली?”

“कपाटात. तू गेली, मी लगेच कुलूप लावलं. काल ऐकाले काढली तर हे असं.”

“मधात कोनी हात लावला?”

“किल्ली माह्या कमरेले असते. कोन लावन?”

ती अमरकडे वळली. “आपुन दोघं संगच आलो होतो ना रे? तू वापस आनलेली मेटलची रेकॉर्ड काकांनं कुठं ठेवली?”

“कपाटात. माह्यासमोरच.”

“आन माही?”

अमर चुळबुळला. “तुमाले स्टुलावर ठेवाले सांगतलं. पेपर अंथरला होता त्याच्यावर.”

“मंग उचलून ठेवली ना मी!” पुंडलिकराव उखडले. “आन पोरी, तपास मलेच करून राहिली? ह्याले इचार. रोज वरातीत डीजे वाजवते. त्याले पायजेच राहते असे ढोल.”

“मी कायले इथं येऊ, काका? आठवडाभर अड्याळले लग्नात होतो,” अमर म्हणाला. “आन मले एक डाव लॅपटॉपमंदी घेतलं का झालं. मंग सुई कोन घासत बसते?”

प्रतिक्षा जागची उठली.

“अमर खरं बोलते. काका, त्याची रेकॉर्ड काढा बरं कपाटातून.”

“काहून?”

“काढा ना.”

त्यांनी कुरकुरत काढली. प्रतिक्षाने तिच्याही कव्हरच्या घडीत नख फिरवलं आणि नख सगळ्यांना दाखवलं. स्वच्छ.

“दोन्ही रेकॉर्डी एकाच दिवशी परत आल्या. दोन्ही ह्याच कपाटात होत्या, असं तुमी म्हनता. मंग एकीच्या घडीत कोंडा आन दुसरीच्या नाई, हे कसं? माह्या क्वार्टरपाशी मिल नाई. कपाटात कोंडा शिरत नाई. म्हंजे ‘मँगनीज’ ह्याच घरात, कपाटाच्या बाहेर, आडवी पडून होती. म्हनून वरच्याच बाजूले कोंडा. ते स्टुलावरच होती, काका. तुमी ते काल उचलली, पुसली, आन मंग आत ठेवली.”

पुंडलिकराव पानाचा डबा चाचपू लागले.

“आता खराबी पाहा. हातातून पडली असती तर आडवा ओरखडा असता. माही सुई खराब असती तर पुरी बाजू गेली असती. इथं फक्त ड्रमांची जागा गेली. कोनीतरी तेवढीच जागा लावली, हातानं मागं फिरवली, परत लावली. शंभरदा. असं कोन करते? ज्याले ऐकाचं हाय तो नाई करत. ज्याले ते वाजवाले शिकाचं हाय, तोच करते. काका ड्रम लागले का पान लावाले उठतात, म्हनून ते नाई. उरलं कोन, ते मले ठाऊक हाय. ते मी नाई सांगत. त्याचं त्यानं सांगावं.”

दारातली रिता दोन पावलं पुढे आली.

“मीच,” रिता म्हणाली.

पुंडलिकराव मागे वळले. रिताने बोटांवरच्या पट्ट्या ओढून काढल्या. खाली फोड होते, दोन्ही हातांना एकाच जागी, ड्रमच्या काड्या घासून आलेले.

“मिलमागं बारदान्याची थप्पी हाय, त्याच्यावर वाजवतो मी. मिल चालू असली का कोनाले ऐकू जात नाई. ताईचं परीक्षण ऐकलं मी. त्या म्हनल्या, पुन्हा पुन्हा ऐका. रेकॉर्ड समोर स्टुलावरच होती. तुमी मिलमंदी असले का हेडफोन लावून ऐकत होतो. खराब होते हे मले ठाऊक नव्हतं, मामाजी.”

“मले इचारलं काहून नाई?”

“इचारलं असतं तर देल्ली असती? बाईच्या जातीनं ड्रम वाजवाचे, हे चाललं असतं तुमाले?” रिताने मान वर केली. “रेकॉर्डीचं चुकलं माहं. वाजवाचं नाई चुकलं. ते मी सोडत नाई.”

“आन माह्यावर आळ आला तवा काहून चूप होत्या, वहिनी?” प्रतिक्षाने तिलाही सोडलं नाही. “माहं चॅनल बंद पडाले आलं होतं.”

“भेली मी,” रिता म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

प्रतिक्षाचा राग तिथे ओसरला. पण सगळा नाही. उरलेला तिने नीट जपून पुंडलिकरावांकडे वळवला.

ते आता सैल हसत होते. “चला, मिटलं. घरातली गोष्ट घरात राहिली. प्रतिक्षा, तुले पायजे त्या रेकॉर्डी ने. सगळं कपाट तुहं.”

“आळ ग्रुपवर घेतला तुमी. वापसही ग्रुपवर घ्या.”

त्यांनी नाखुशीने फोन काढला, दोन बोटांनी टाइप केलं आणि वाचून दाखवलं, “‘गैरसमज झाला. प्रतिक्षाची चूक नाही.’ झालं?”

“नाई झालं. रेकॉर्ड कपाटात नव्हती, स्टुलावर होती, हे लिहा. आन काहून होती, तेही लिहा.”

“धूळ राहते, पोरी. पुसून ठेवाव म्हनलं...”

“अमरच्या रेकॉर्डीले धूळ नाई राहत?”

पुंडलिकरावांनी अमरकडे पाहिलं. अमर छताकडे पाहत होता.

“माह्या जातीच्या घरून आली म्हनून पेपरावर ठेवली तुमी. दरवेळी तसंच ठेवता. मी पायतो, बोलत नव्हतो. ह्यावेळी ते लपवाले खोटं बोलले, आन त्या खोट्यापाई मले चोर केलं. कपाटात ठेवली असती तर तुमची ‘मँगनीज’ आज चांगली असती, काका. तुमचीच वस्तू, तुमीच घालवली.”

“हे मी लिहू? लोकायसमोर? माही इज्जत...”

“माही लोकायसमोरच काढली होती ना?”

त्यांनी फोन खाली ठेवला, परत उचलला. रिता हलली नाही. प्रतिक्षाही हलली नाही. शेवटी म्हाताऱ्याची बोटं चालू लागली, थांबली, पुन्हा चालू लागली.

“वाचा,” प्रतिक्षा म्हणाली.

त्यांनी वाचलं. एकही शब्द गाळला नाही. स्टूल आलं, पेपर आला, आणि कोणाच्या घरून आली म्हणून, तेही आलं.

“आता पाठवा.”

आधी अमरच्या फोनवर मेसेज वाजला, मग प्रतिक्षाच्या.