हवालदार चिंधूजीची गिनती

विनायक मास्तर त्या दिवशी पांढुर्ण्याले गेला तो फक्त एक कोट आणाले. मागच्या वर्षीचा पंधरा डिसेंबर. रविवार होता. मले पक्कं याद आहे, कारण निघताना त्यानं मले फोन केला होता, "गुरुजी, येता का सोबत?" म्हणून. माहे गुडघे दुखून राहिले होते, मी नाही म्हटलं. गेलो असतो तर आज तुम्हाले ऐकीव सांगाची पाळी नसती आली.

हर्षल, ते लाकूड आत सरकव. थंडी वाढून राहिली. अन् मोबाइल खिशात ठेवा रे सगळे.

तर विनायक. नेहाले त्यानं शिकवलं आहे, विचारा तिले. मी रिटायर होईपर्यंत आम्ही सोळा वर्षं एकाच शाळेत होतो. हा माणूस थापा मारणारा नोहे. मोहगावच्या अलीकडे संत्र्याची बाग आहे ना, तिले लागून त्याचं घर. घरात तो, त्याची बायको स्मिता, अन् बाप. बाप म्हणजे चिंधूजी. एकाहत्तरच्या लढाईतले हवालदार. ऐंशीच्या घरात गेले होते.

दरवर्षी सोळा डिसेंबरले सौसरात माजी सैनिकांचा सत्कार होते. शाल, नारळ, फोटो. मंग शहिदांसाठी दोन मिनिटं मौन पाळा म्हणतात, अन् मिनिटाच्या आत खुर्च्या वाजाले लागतात. चिंधूजी दरवर्षी जात. कोट घालून. पण अलीकडे अंग वाळलं होतं, कोट खांद्यावरून लोंबे. म्हणून विनायकनं तो पांढुर्ण्याच्या शिंप्याकडे लहान कराले टाकला होता.

म्हातारा त्याले म्हणाला होता, "माह्या एकट्याचाच कोट काय शिवतो? बाकीचे नऊ कुठी गेले ते पाह."

त्या नऊ जणांचं ऐका आता. चिंधूजीच्या हाताखाली नऊ जवान होते. नदीच्या काठी एक चौकी, एक रात्र. सकाळी दहातले एकटे चिंधूजी जिवंत सापडले, मांडीत गोळी घेऊन. आठ जणांचे देह भेटले. नववा नाही भेटला. तो हेमराज, आपल्या लोधीखेड्याचा. एकवीस वर्षांचा. गोळ्यांची पेटी आणाले चिंधूजीनंच त्याले मागं पाठवला होता. तो परतला नाही.

पन्नास वर्षं म्हाताऱ्यानं तोंडातून ब्र काढला नाही. मंग वयानं डोकं काम देईनासं झालं. नातेवाईक ओळखू येईनात, जेवलो का नाही ते समजेना. अन् रोज रात्री आठ वाजता ओट्यावर ताठ उभं राहून गिनती घेणं सुरू झालं. गिनती म्हणजे पलटणीतली हजेरी. एकेक नाव पुकारत. उत्तर नाही आलं तर काठी घेऊन शोधाले निघत. एकदा पहाटे लोधीखेड्याच्या रस्त्यावर सापडले. अनवाणी, पाय रक्तानं भरलेले.

तेव्हापासून विनायक ओट्याखाली उभा राहून उत्तर देई. नऊ वेळा. "हाजिर, उस्ताद." जवान त्यांले उस्तादच म्हणत. तीन वर्षं, एक रात्र खंड नाही. मले म्हणे, "गुरुजी, दिवसा पोरांची हजेरी घेतो अन् रात्री मेलेल्यांची देतो. आता आवाजच उरला नाही." आठ नावांपर्यंत म्हातारा मानून जाई. नवव्याले मात्र फाटकाकडे पाहत राही. "हा हेमराज नोहे," म्हणे. तसाच जाऊन पडे. झोप नाही. रात्रभर कण्हणं.

अशात तो पंधरा डिसेंबर. स्मिता माहेरी गेलेली. शेजारची अंबाबाई साडेसातपर्यंत बसते म्हणाली. "आठच्या आत येतोच," सांगून विनायक चारले निघाला. पण शिंप्यानं गुंड्याच लावल्या नव्हत्या. तिथं एक तास गेला. सौसर ओलांडलं अन् घर दोन किलोमीटर राहिलं असताना गाडी पंक्चर. रविवारची रात्र, दुकान उघडं कुठी भेटते? कोट हँडलले अडकवला अन् गाडी ढकलत निघाला.

अंबाबाईले फोन लावला. ती म्हणाली, "मी तं आली ना बापा घरी. बाबाले जेऊ घातलं, बसवलं, फाटकाले भायेरून कडी लावली. तू आला नाही का अजून?"

आठ वाजून गेले होते.

विनायक घामानं भिजला. म्हातारा फाटक चढून निघाला असंल, पडला असंल, हेच डोक्यात. बागेचं वळण आलं अन् बाबाचा आवाज ऐकू आला. खणखणीत.

"सिपाही सुरेश!"

अन् उत्तर आलं.

"हाजिर, उस्ताद."

विनायकले बरं वाटलं. वाटलं, कोणी शेजारी आला असंल. थकवा एकदम पायात उतरला. तो हळू झाला.

"सिपाही गजेंद्र!"

"हाजिर, उस्ताद."

हा आवाज दुसरा होता. जाडा. विनायक फाटकापाशी पोचला. कडी बाहेरून लागलेलीच होती. टिनाच्या फटीतून त्यानं आत पाहिलं. ओट्यावरचा बल्ब चालू. बाबा उभे. ताठ. ज्या म्हाताऱ्याले ग्लास धरवत नव्हता, त्याचे हात मांडीले चिकटलेले, हलत नव्हते.

अंगण रिकामं होतं.

"लान्सनायक कुलदीप!"

"हाजिर, उस्ताद."

रिकाम्या अंगणातून. ओट्यापासून चार हातांवरून.

विनायकले हाक मारता येईना. नाव झालं की उत्तर. नाव झालं की उत्तर. दर वेळी आवाज निराळा... सगळे तरुण. आठ झाले.

मंग बाबा थांबले.

"सिपाही हेमराज."

काही नाही.

बागेत रातकिडेही चूप.

"सिपाही... हेमराज."

विनायक म्हणे, "गुरुजी, तीन वर्षांची सवय. माहं तोंड उघडलं. मी हाजिर म्हणणारच होतो..."

तेवढ्यात मागून पावलं आली. रस्त्यावरून. धावत. जड बूट.

त्यानं मान नाही वळवली. वळवताच नाही आली.

पावलं त्याच्या मागं येऊन थांबली. दम लागलेला श्वास... कानापाशी. मंग त्याच्या कोपराले एक ओली बाही घासून गेली. फाटक उघडलं नाही. कडी हलली नाही.

अन् आतून आवाज आला.

"हाजिर, उस्ताद."

 बाबा लहान पोराले बोलावं तसं बोलले.

"एवढा उशीर, हेमराज?"

"रस्ता लंबा होता, उस्ताद."

"मीच पाठवलं होतं रे तुले."

"हाव, उस्ताद."

"...थकला असशील."

 बाबानं एक लांब श्वास सोडला.

"गिनती पुरी. लाइन तोड."

अंगणात सगळ्या बुटांचा मिळून एकच आवाज झाला.

मंग काही नाही.

बऱ्याच वेळानं विनायकनं कडी काढली. आत गेला तेव्हा बाबा खाटेवर झोपले होते. गाढ.

दुसऱ्या दिवशी सत्काराले आले ना ते. मी पहिल्या रांगेत होतो. कोट बरोबर बसला होता. हाती माइक दिला तर लोकांले वाटलं, आता लढाईचं सांगतील. त्यांनी नऊ नावं घेतली. एक नाही चुकलं. अन् खाली बसले. त्या दिवशी खुर्च्या वाजल्या नाहीत.

त्यानंतर त्यांनी गिनती घेतली नाही. आठ वाजले की झोपत. चैतात गेले, झोपेतच. विनायक मात्र अजूनही आठले ओट्याखाली येऊन उभा राहते. म्हणे, पाय आपोआप येतात.

भास असंल, असं मीही त्याले म्हटलं. थकलेल्या माणसाले काहीही ऐकू येते. तो हसला. म्हणाला, "आवाजाचं सोडा गुरुजी, मी डोळ्यानं पाहिलं ते सांगतो. त्या रात्री आत गेलो तर बाबाच्या अंगावर पांघरूण होतं. छातीपर्यंत, एक सुरकुती नाही. दोन्ही हात वर, बाहेर. अन् ते पांघरूण उशाकडची बाजू सोडून तिन्ही बाजूंनी गादीखाली दाबलेलं होतं. ताणून, कोपरे दुमडून, फौजेत करतात तसं. सकाळी बाबाले उठवाले मले ते दोन्ही हातांनी जोर लावून ओढावं लागलं."

बाहेरून दाबलेलं होतं ते.