उजवीकडचं मेडल

ही गोष्ट घडलेली आहे. ज्यांच्यावर गुदरली त्या सोयराबाई माझ्या चुलतसासू. देवळाच्या ओट्यावर बसून त्यांनी मला ती सांगितली. देवाच्या दारात कोण खोटं बोलतं?

साल १९९१. कार्तिक महिना, द्वादशीची संध्याकाळ. बेंगळूरची बनशंकरी वस्ती.

सोयराबाईंचा एकुलता एक शंभूराज फौजेत होता. चार वर्षांपूर्वी शांतिसेनेसोबत श्रीलंकेत गेला. तिथं खाडी ओलांडताना गोळीबार सुरू झाला. शंभू काठाला लागला होता, पण जखमी सोबत्यांना आणायला तो पुन्हा पाण्यात उतरला…

आणि सापडलाच नाही.

पुढं सरकारनं त्याला सेना मेडल दिलं. मरणोत्तर.

तो शब्द सोयराबाईंनी घरात कुणाला उच्चारू दिला नाही. देहच पाहिला नाही, तर मरण कसलं? पितृपक्षात घरातल्या सगळ्या गेलेल्यांच्या नावानं पिंड पडायचे.

शंभूच्या नावानं नाही.

त्या कार्तिकात पलटणीचं बोलावणं आलं. सबंध पलटणीला लढाईतल्या कामगिरीबद्दल मानपत्र मिळालं होतं, ते सगळ्यांसमोर वाचून दाखवणार होते. गेलेल्या जवानांच्या आईवडिलांनी मुलाचं मेडल लावून यावं, असा निरोप होता.

शंभूचे वडील खंडोजी, स्वतः फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. मऊ फडक्यानं मेडल पुसत म्हणाले, "हे उजवीकडं लाव हं. आपण कमावलेलं डावीकडं लावायचं. गेलेल्याचं घरच्यांनी उजवीकडं. रिवाज आहे."

"मग मी नाही लावणार."

"अगं, स्वल्प ऐकून तरी घे."

"ज्याचं आहे तो येऊन लावील. डावीकडं."

"जन्मभर फौजेत मी घासलो, आणि रिवाज मला तू शिकव."

"शिकवते. नऊ महिने पोटात मी वागवला त्याला. तुमच्या फौजेनं नाही."

खंडोजींनी मेडल त्यांच्या हातात ठेवलं.

सोयराबाईंनी ट्रंकेतून शंभूची वर्दी काढली, खुंटीला अडकवली आणि डाव्या खिशावर मेडल टाचलं. लाल फितीवरून हात फिरवला. मनात म्हणाल्या, ये आता.

सकाळी उठून पाहिलं… वर्दीवर मेडल नव्हतं.

वलणीवर त्यांची चोळी वाळत होती. मेडल त्या चोळीला होतं.

उजव्या अंगाला.

"अहो, ही कसली चेष्टा?"

खंडोजींनी चोळीकडं पाहिलं. चेहरा उतरला.

"मी केलं असेल तर हे हात झडोत," ते म्हणाले. "मला हौस आहे का गं, पोराचं मेडल उजवीकडं बघायची?"

सोयराबाईंनी मेडल चोळीवरून काढलं. मेडल पुन्हा वर्दीवर लावलं, डावीकडंच. या वेळी दुहेरी दोऱ्यानं शिवून टाकलं. वर गाठ मारली.

संध्याकाळी दोघं घराला कुलूप लावून मारुतीच्या देवळात कीर्तनाला गेली. किल्ली सोयराबाईंच्या कनवटीला.

बुवांनी रुक्मिणीस्वयंवराचं आख्यान लावलं होतं. शिशुपालाची वरात अशी काही रंगवली, की अख्खं देऊळ हसत होतं. सोयराबाई बायकांच्या शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. पाठीमागं फक्त भिंत.

बुवांनी चाल धरली. झांजा वाजू लागल्या…

आणि एकाएकी ऐकू येईनाशा झाल्या.

बुवांचे ओठ हलत होते. बायका हसत होत्या. झांजा एकमेकींवर पडत होत्या. पण आवाज नाही. कसलाच नाही.

मग पाठीमागं, भिंतीच्या बाजूला…

टप.

टप.

पाणी ठिबकत होतं. लांबून पोहत आलेल्या माणसाला लागते तशी धाप कानाशी आली.

उजव्या खांद्यावर बोटं टेकली. बर्फासारखी गार.

त्या खांद्यावर ओढून घेतलेला पदर किंचित उचलला गेला. पिन आत शिरली… पण टोचली नाही. एक बोट पिनेच्या आणि त्यांच्या अंगाच्या मधे धरलेलं होतं.

शाळेत जाताना शंभूच्या सदऱ्याला रुमाल टाचायच्या, तेव्हा सोयराबाई अगदी असंच मधे बोट धरायच्या. लेकराला टोचू नये म्हणून.

त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

"बाळा," त्या पुटपुटल्या, "डावीकडं लाव की रे."

बोटं थांबली. बराच वेळ.

मग त्या बोटांनी सोयराबाईंचा हात हळूच उचलला… आणि उजवीकडं, मेडलवर नेऊन ठेवला.

तसा झांजांचा कल्लोळ पुन्हा कानावर आदळला.

"अक्का?" शेजारच्या यल्लव्वानं दंडाला हात लावला. "सगळे हसतायत, अन् तुम्ही रडताय? आणि हा पदर कशानं भिजला?"

घरी आल्या. कुलूप जसंच्या तसं. वर्दी खुंटीला. डाव्या खिशावर दुहेरी दोरा होता, गाठीसकट. कुठंही तुटलेला नव्हता.

मेडल तेवढं नव्हतं. ते त्यांच्या पदराला होतं.

खंडोजींनी दोऱ्याकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं, आणि वर्दी खुंटीवरून काढून तिची घडी घातली.

पलटणीच्या कार्यक्रमाला सोयराबाई मेडल उजवीकडं लावून गेल्या. मानपत्रात शंभूचं नाव आलं तेव्हा ताठ उभ्या राहिल्या. परतताना रिक्षात म्हणाल्या, "अहो, गोकर्णाला जाऊन येऊ. त्याचे पिंड घालू."

"सरी, जाऊ," खंडोजी एवढंच म्हणाले.

मी सोयराबाईंना विचारलं होतं, "तुम्हाला भीती नाही वाटली?"

"भीती?" त्या म्हणाल्या. "त्याचे हात फार गार होते गं. एवढी वर्षं पाण्यात राहिला, आणि मी त्याला जाऊ देईना."

तो शंभूच होता का, मला ठाऊक नाही. कीर्तनाला मी आजही जाते.

पण शेवटच्या रांगेत बसत नाही.